कलदाराची अंगठी

हुडकेश्वरच्या प्रेमिलाबाईंना कोणी विचारलं, की बाई, जन्मभर तुम्ही केलं काय, तर त्या पटकन सांगतात, "भोकं पाडली." आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसत सुटतात. खोटं नाही हो त्यात काही. सव्वीस वर्षं त्यांनी हिंगण्याकडच्या एका लहानशा कारखान्यात वाशर पाडले. गोल चकती डायवर ठेवायची, दांडा ओढायचा, पंच खाली येतो, मधोमध भोक, झाला वाशर. दिवसाला किती ते विचारू नका, त्यांनाही ठाऊक नाही. घरधनी गेले तेव्हा पियुष कडेवर होता. बायामाणसाला मशीनवर कोण बसवते, असं तिथला फोरमन पहिल्या दिवशी म्हणाला होता. आठ दिवसांत तोच दुसऱ्यांना सांगत फिरू लागला, "पाहा लेकहो, बाई डोळे मिटून पाडते तरी भोक मधातच!" हे एवढं वाक्य बाईंनी जपून ठेवलं आहे. नव्या माणसाला पहिल्या चहाबरोबरच ते ऐकावं लागतं.

कारखाना बंद पडला, तेव्हा बाईंचा तो वाशर पाडायचा हँडप्रेस भंगारात निघाला. दांड्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळे असलेला, चार माणसांना न हलणारा. बाईंनी तो उचलून घरी आणवला. "आई, हे धूड कशाला?" पियुषनं डोक्याला हात लावला. "मले गमत नाही त्याच्याबिगर," बाई म्हणाल्या, आणि प्रेस पोर्चमध्ये मोटरसायकलच्या जागी बसला. मोटरसायकल आजतागायत रस्त्यावर उभी असते.

अंगठ्यांचं खूळ सुनेचं. काजलनं मोबाइलवर कोणा परदेशी माणसाला नाण्याची अंगठी करताना पाहिलं आणि ओरडत आली, "आई, हे तं तुमचंच काम हाय!" बाईंनी डब्यातले जुने पिवळे वीस पैसे काढले. ज्यात सोनं असतं असं सगळा गाव छातीठोक सांगायचा ना, तेच. मधोमध भोक पाडलं, नाणं लाल होईस्तोवर तापवलं, निमुळत्या लोखंडी कांबीवर चढवून लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत आणलं. कड खाली वळली, अक्षरं बाहेरच्या अंगाला आली, अंगठी तयार. काजलनं फोटो टाकले आणि माणसं येऊ लागली. चालू नाणं मात्र बाई हातात धरत नाहीत. "कायदा हाय बाप्पा, मले जेलात नाही जायचं." जुन्या नाण्यांवरूनही कोणी नाक मुरडलं, तर त्या फाडकन म्हणतात, "राजाच्या वक्ताले सरकारनंच भोकाचा पैसा काढला होता नं? मंग मी पाडलं तं तुमच्या पोटात काहून दुखते?"

तर एका सोमवारी पारशिवनीकडून एक म्हातारा आणि त्याची नात आली. म्हाताऱ्याला घरीदारी सगळे नानाजीच म्हणत, नातसुद्धा. नातीचं नाव रितिका. रविवारी तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, आणि त्या दिवशी तिला बोटात आजीची अंगठी हवी होती. आजी जाऊन चार वर्षं झाली. तिची चांदीच्या राजाछाप रुपयांची माळ होती, ती लेकीसुनांमध्ये वाटली गेली आणि एकच कलदार मागे उरला. नानाजींनी चंचीतून फडक्याची पुडी काढली, उलगडली, रुपया बाहेर घेतला. तो त्यांनी बाईंना दिला नाही. नातीच्या हातावर ठेवला, आणि तिनं बाईंना दिला.

"मधातला राजा जाते काय?" नानाजींनी विचारलं.

"जाते, नानाजी. भोक तिथंच पडते."

"जाऊ द्या. राजाशी काय घेणं आपलं! कड राहते नं? बुढीच्या गळ्याले कडच लागे."

"कड पुरी राहते," बाई म्हणाल्या. "अन् माह्या हातचं भोक आजवर हटलं नाही. डोळे मिटून पाडते मी." मग चहा झाला, फोरमनचं वाक्य झालं, आणि शनिवारी या म्हणून सांगणं झालं.

आता इथं मला बाईंचा राग येतो, म्हणून स्पष्टच सांगते. माळेत ओवण्यासाठी त्या रुपयाला डाख देऊन कडी जोडलेली होती. बाईंनी कडी कानशीनं घासून काढली, पण डाखाचा एक बारीक फुगवटा कडेला तसाच राहिला. बोट फिरवलं असतं तर लागला असता. पण जन्मभर कोऱ्या चकत्या हाताळलेली बाई, बोट कशाला फिरवते! रुपया डायच्या खाचेत ठेवला, फुगवट्यानं तो केसभर नव्हे, चांगला गव्हाएवढा एका अंगाला सरकला, आणि बाईंनी शेजारणीशी बोलता बोलता दांडा ओढला.

कट्ट.

खाली पाहायच्या आधीच हाताला कळलं. "माय वं!" एवढंच तोंडून निघालं. शेजारीण म्हणाली, काय झालं वं? काही नाही, म्हणून बाईंनी तिला वाटेला लावलं. भोक सरळ सरळ एका बाजूला होतं. कापड बिघडलं तर ठिगळ लागतं, भाजी खारट झाली तर बटाटा टाकता येतो. पडलेलं भोक कोणाच्या बापाला बुजवता येत नाही. तरी वेडी आशा. बाईंनी रुपया तापवला, ठोकला, अंगठी केली. एका बाजूनं नखाएवढी रुंद, दुसऱ्या बाजूनं सुतळीएवढी. साक्षगंधात असं बोट पाहुण्यांपुढं कोण करणार?

दोन दिवस बाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. काजलनं विचारलं तर तिच्यावरच खेकसल्या. पोरीचा दिवस नासणार, म्हाताऱ्यानं एवढ्या विश्वासानं दिलेली वस्तू नासली, आणि ज्या हातावर जन्म काढला तो हात असा तोंडघशी पाडणार. शुक्रवारी दुपारी त्यांनी देव्हाऱ्यामागची कुंकवाची डबी काढली. तिच्यात त्यांच्या मायचा एक कलदार होता. माय गेली तेव्हा बाईंच्या वाट्याला तेवढाच आला होता. राजा तोच. सालात फरक होता, पण झिजलेलं साल कोण वाचत बसते? चांदी ती चांदी, बाईंनी स्वतःला बजावलं. त्या दिवशी त्यांनी कंपास घेऊन तीनदा माप काढलं, बोट फिरवलं, दार लावून घेतलं आणि मग दांडा ओढला. भोक मधोमध पडलं. बाई प्रेसला टेकून हमसून हमसून रडल्या. चांगलं झालं म्हणूनही, आणि मायचं गेलं म्हणूनही.

शनिवारी दोघं आली. रितिकानं अंगठी घातली, ती अशी बसली की पोरगी जागच्या जागी उडी मारायचीच बाकी राहिली. तिनं मूठ वळली आणि अंगठी गालाला लावली. "नानाजी, मी आजीच्या कुशीत झोपो नं, तवा हे रुपये गालाले लागत. थंडगार. तस्संच लागून राहिलं बगा." तिचे डोळे भरून आले.

बाईंना तिथून पळून जावंसं वाटलं. कालपासून घोकलेली थाप त्यांना मारवेना. "बेटा," त्या म्हणाल्या, "ते तुह्या आजीचं नाही. तुह्या आजीचं माह्या हातून बिघडलं. भोक हटलं. मी तुले फसवून राहिली होती." आणि पोलक्यातला बटवा काढून त्यांनी ती वाकडी अंगठी समोर धरली.

रितिकानं बोटातली अंगठी काढली आणि प्रेसवर ठेवली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं.

नानाजींनी वाकडी अंगठी उचलली. फिरवून फिरवून पाहिली. मग करंगळीत घालू लागले. सांध्यापाशी अडली, त्यांनी थुंकी लावून रेटली आणि रुंद बाजू आत, तळहाताकडे वळवली. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"हे मले राहू द्या," ते म्हणाले.

"नानाजी, बिघडली हाय हो ती," बाई म्हणाल्या.

"बिघडली तं बिघडली. चार वर्सं हा रुपया माह्या चंचीत होता. पोरीनं मांगितली, आता तिच्या दिवसाले नाही कसं म्हणू? पण सोमवारी येताना एसटीत तीनदा हात लावून पाह्यला. वाटलं, चला, आता हे बी घरून चाललं." त्यांनी टोपी काढून तिनंच तोंड पुसलं.

"तुमी बोलले काहून नाही मले?" रितिका त्यांच्यावर भडकलीच. "मी मांगितलीच नसती नं!"

"म्हणूनच नाही बोललो."

ती त्यांच्या दंडाला धरून तशीच उभी राहिली. बाईंनी आत जाऊन पाणी आणलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. पाणी पिऊन झाल्यावर रितिकानं प्रेसवरची अंगठी पाहिली.

"काकू, मंग हे कोणाचं होतं?"

"माह्या मायचं."

"तुमी तुमच्या मायचं मले देऊन राहिले होते?"

बाईंनी मान डोलावली.

पोरीनं अंगठी उचलली, जराशी थांबली, आणि विचारलं, "काय नाव होतं त्यांचं?"

आता सांगा, हे बाईंना कोण कधी विचारणार होतं? कारखान्यात त्या बाई, घरात आई, आणि मायला पियुष नुसती आजी म्हणायचा. मायचं नाव शेवटचं कोणी घेतलं ते त्यांना आठवेना.

"यमुना," त्या म्हणाल्या. "लोक यमुताई म्हणत."

"यमुताई," रितिकानं एकदा म्हणून पाहिलं आणि अंगठी बोटात घातली. "मंग उद्या साक्षगंधाले येजा काकू. यमुताईच्या घरचं कोणीतरी पाहिजे नं तिथं."