सारजाबाईचं न चाखलेलं लोणी

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात शिवारातल्या विहिरी आटल्या, तरी सारजाबाईचं तोंड बारमाही वाहतं होतं. त्या दिवशी मात्र ती एकाएकी गप्प झाली आणि दारात वहाणा घालणारा बब्रुवान दचकला. बायको गप्प म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडलं.

म्हैस व्याली होती. पहिलं लोणी वेलदोडा-खडीसाखर घालून येरमाळ्याच्या येडाई देवीला न्यायचं, तोवर दुधाचा थेंब विकायचा नाही आणि नैवेद्याआधी कुणी बोटसुद्धा चाटायचं नाही, हा घरचा नेम. इकडं बब्रुवान दूध संस्थेचा नवाकोरा सभासद. उद्यापासून दूध घातलं नाही तर नाव कमी करीन, असं सेक्रेटरीनं बजावलेलं. म्हणजे बाराच्या गाडीनं लोणी देवीपुढं पोचायलाच हवं होतं.

शेजारणीच्या सुनेची उणीदुणी काढता काढता सारजाबाईनं खलबत्त्यात खडे कुटले, लोण्यात कालवले आणि मग तिची नजर फळीकडं गेली. तिथं दोन पुड्या, दोन्ही उघड्या. एकीत खडीसाखर. दुसरीत तुरटी, टँकरचं गढूळ पाणी निवळायला आणलेली. कुठल्या पुडीतले खडे कुटले, ते काही केल्या आठवेना.

“जरा जिभंला लावून बघ की,” बब्रुवान हळूच म्हणाला.

“आन् म्हस आटली म्हंजी? संस्थेला दूध तुमी देनार हाव का?”

बब्रुवान खलात डोकावला.

खलाच्या तळाशी चिमूटभर भुकटी उरली होती. तीही देवीचीच. ती चाखायची नाही असा नेम होता. पण पाण्यात टाकायची नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. सारजाबाईनं टँकरच्या पाण्याचे दोन पेले भरले, एकात भुकटी ढवळली, दुसरा तसाच ठेवला. गाळ आपला आपण किती बसतो तेही कळायला हवं ना. मग नवराबायको पेल्यांपुढं उकिडवी बसली. ऊन उंबऱ्याला टेकलं. बब्रुवानला दोन्ही पेले सारखेच दिसत होते. त्याला सगळंच नेहमी सारखं दिसायचं.

हळूहळू भुकटीच्या पेल्याचा तळ दिसायला लागला.

म्हणजे लोण्यात तुरटीच गेली होती. सारजाबाईनं लोण्याकडं पाहिलं, मग माठाकडं. निवळलेलं, प्यायचं, दोन दिवस पुरवायचं पाणी. तिनं विचारायच्या आधीच बब्रुवाननं माठ उचलला. लोणी एकदा धुतलं, दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा माठाचा तळ वाजला. वेलदोडाही वाहून गेला. पुडीतले खडे अजून नैवेद्य झालेले नव्हते, म्हणून त्यातला एक आधी जिभेवर ठेवून पाहिला आणि मगच दुसरे कुटून कालवले.

गाडीत ती लोण्याची वाटी मांडीवर धरून बसली, मागं बब्रुवान. शेजारी बसलेल्या बाईनं विचारपूस केली तरी बोलली नाही. लोणी पुरतं धुतलं गेलं की नाही, हे आता देवीच सांगणार.

पुजाऱ्यानं नैवेद्य दाखवला आणि तिच्या तळहातावर प्रसादाचं बोटभर लोणी ठेवलं. सारजाबाईनं डोळे मिटून ते जिभेवर घेतलं. गोड होतं. मागाहून गालफडं अगदी जराशी आवळली.

तिनं देवीकडं पाहिलं. तोंड वाकडं झालेलं दिसलं नाही.

“कसं झालंय?” बब्रुवाननं घाबरत विचारलं.

“ग्वाड,” ती म्हणाली, आणि शेजारणीच्या सुनेची उणीदुणी जिथं राहिली होती तिथून पुढं काढायला लागली.