वाठारमामांचं वळण

वाठारमामा आंबेनळी घाटातल्या एका वळणावर मोटार थांबवायचे, खाली उतरायचे आणि दरीकडे तोंड करून थुंकायचे. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून पुन्हा मोटार चालवायला बसायचे. नवख्या उतारूंना वाटे, तोंडात तंबाखू असेल. मामांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. ती थुंकी महाडच्या एका मोटारवाल्या शेठच्या नावाची होती.

पोलादपूर, घाट, महाबळेश्वर, वाई आणि शेवटी वाठार स्टेशन असा त्यांच्या मोटारीचा रस्ता. आगगाडी गाठायला आम्हाला तीच वाट जवळची. मी तेव्हा पोलादपूरला मास्तर होतो आणि आई पुण्याला, त्यामुळे सुट्टी लागली की मी मामांच्या मोटारीत. वाठारला आगगाडी उशिरा आली, तर इतर मोटारी मिळेल ते उतारू भरून निघून जायच्या. मामा मात्र स्टेशनाबाहेर ठाण मांडून बसायचे. "डोंगरातला मानूस हाय मास्तर. सोडून गेलो तर तो जाईल कुठं?" असं म्हणायचे.

शेठनं असंच त्यांना सोडलं होतं. मामा तेव्हा साधे शेतकरी. धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता, तो अत्यवस्थ असल्याची तार आली म्हणून आईला घेऊन ते शेठच्या मोटारीनं वाठारला निघाले. त्या वळणावर एका साहेबाची गाडी बंद पडलेली. शेठ स्वतः पुढं बसला होता. त्यानं साहेबाला, मडमेला आणि त्यांच्या कुत्र्यांना जागा करून देण्यासाठी मागच्यांना खाली उतरवलं. "मागच्या गाडीनं या," म्हणाला. मागं गाडी नव्हतीच, आणि हे त्याला ठाऊक होतं. मायलेक महाबळेश्वरापर्यंत पायी गेले. आगगाडी चुकली. मुंबईला पोचले तेव्हा भावाला अग्नी देऊन झाला होता. "पोराचं तोंड बी दिसलं नाय रे," एवढंच म्हातारी म्हणाली.

मामांनी जमीन विकली, मोटार शिकले, एक जुनी मोटार घेतली आणि शेठला बुडवायच्या मागे लागले. त्यांची एक रीत होती. ड्रायव्हरशेजारची पुढची जागा इतर मोटारींत बड्या लोकांची. मामांच्या मोटारीत ती वाईट बातमीवर निघालेल्या माणसाची. त्याला कुणी काही विचारायचं नाही. एकदा एक मामलेदार तिथं जाऊन बसले. "घरात कुनी आजारी हाय का सायब?" मामांनी विचारलं. नाही म्हणताच, "मग मागं बसा. द्येवाची किरपा समजा," म्हणाले.

हळूहळू वाड्यावस्त्यांवरची माणसं शेठच्या मोटारीकडे बघेनाशी झाली. शेवटी त्याच्या मोटारी विकल्या गेल्या. मामांनी त्यातला फक्त एक रबरी भोंगा विकत घेतला आणि शेळ्यांच्या गोठ्यात बांधला. "शेळ्या वाजवत्यात," ते समाधानानं सांगायचे. मलाही त्याचा आनंद व्हायचा. अजूनही होतो.

आणि एका उन्हाळ्यात शेठच पोलादपूरला मोटारीपाशी येऊन उभा राहिला. त्याची लेक पुण्याला बाळंतपणात अडली होती. त्याच्या हातात तार होती. मी मागच्या बाकावर होतो. मामांनी पुढची जागा रिकामी करून दिली.

वळण आलं. मोटार थांबली. "उतरा शेठ," मामा म्हणाले.

शेठनं हात जोडले. लेकीचं नाव घेऊन तो रडायला लागला.

"माझी आय इथं उतरली व्हती. उतरा."

तो उतरला आणि मोटार पुढं निघाली. शाबास, असं मी मनात म्हणालो. पण पुढच्या वळणाच्या वर मामांनी ब्रेक लावला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळानं शेठ धापा टाकत, एक वहाण हातात घेऊन वर आला. मामांनी पुढचं दार उघडलं. मग जी मोटार हाणली, की वाईच्या उतारावर मी देवाचं नाव घेत होतो. आगगाडी फलाटावर उभी होती. मामांनी शेठला दंडाला धरून डब्यात चढवलं.

"माफ केलंत?" मी विचारलं.

"नाय. गाडी गाठून देनं हा माझा धंदा हाय मास्तर. माफीचा धंदा आपला नाय."

सुट्टी संपवून मी परतलो, तेव्हाही त्याच वळणावर ते उतरले आणि नेहमीसारखे थुंकले.

शेठची लेक वाचली. हे कळल्यावर म्हातारीनं मामांना विचारलं होतं, "त्याला कितीसा चालवलास?"

"एक वळन."

"एकच? मी तर वरपत्तुर चालले व्हते रे." त्यानंतर दोन दिवस ती लेकाशी बोलली नाही.

आता मामा नाहीत, म्हातारी नाही, शेठही गेला. घाटातून जाताना मी आजही त्या वळणावर मोटार थांबवायला लावतो. "शिकलेसवरलेले तुम्ही, हे काय करता?" बायको दरवेळी म्हणते. मी दरीकडे तोंड करून थुंकतो, सोग्यानं तोंड पुसतो आणि मोटारीत येऊन बसतो.