आत्या आणि बोलणारी गाडी

गाडीचे स्पीकर नीट वाजतात की नाही, हे तुम्ही मुलं आता फोनवर बोट फिरवून तपासता. माझ्या लहानपणी वर्ध्याला त्यासाठी टॉर्चचे सेल, दोन तारा आणि पूजेचं ताम्हन लागलं होतं. क्रमाने सांगते.

वडिलांनी जुनी मोटार घेतली. तिच्यात रेडिओ होता. ही गोष्ट त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, आष्टीच्या आत्याला, इतक्यांदा ऐकवली की ती वैतागली.

"गाडीत भजन वाजलं तं बसतो पवनारपर्यंत. नाई तं मले दमणीच बरी."

दमणी म्हणजे छपराची बैलगाडी. मोटार दारात असताना बहीण दमणीतून गेली, तर आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असं वडिलांचं ठाम मत होतं.

आत्या यायच्या दिवशी सकाळी रेडिओ लावला, तर प्रत्येक शब्दामागे कुणीतरी फुटाणे भाजत होतं.

"भोंगा फाटला वाटते," वडील म्हणाले. रेडिओ बंद करून त्यांनी भोंग्याच्या, म्हणजे स्पीकरच्या, तारा सोडवल्या आणि सेलला टेकवल्या. शाबूत असेल तर 'टक्' म्हणेल. भोंगा पुढच्या काचेखाली, तोंड वर करून बसवलेला. मी त्याच्या जाळीला कान लावला.

टक् झालं, आणि माझ्या कानात तांदळाचा दाणा उडाला. कुंकवाने लाल झालेला.

वडिलांनी आईकडे पाहिलं.

"दसऱ्याले पूजा केली ना मी! जिथून बोलते तिथंच वाहाव्या ना अक्षता. चाकाले वाहू काय?"

"चाकालेच वाहाव्या!"

"बरं, आता खाली सांडू नका. ताम्हनात घ्या."

मग वडील तारा टेकवत, दाणे उडत, आई ताम्हन सरकवून झेलत असे. बहुतेक दाणे आतच नाचून पुन्हा बसत. आम्ही तिघं असे मोटारीत वाकलेले असतानाच आत्या येऊन उभी राहिली.

"काय गा भाऊ, गाडी बाळंत होऊन राह्यली काय?"

वडिलांनी घाईघाईने तारा जोडल्या. रेडिओ तापायला वेळ लागे. तेवढ्यात आत्याने रस्त्याने जाणारी एक दमणी हाक मारून थांबवली. मग भजन लागलं, खळखळ खळखळ करत. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

आत्याची मान डोलू लागली. "वा! याचा टाळकरी मोठा जोरदार हाये." दमणीवाल्याला जायला सांगून ती पुढच्या सीटवर बसली.

पवनारच्या वाटेवर भजन संपलं आणि बाजारभाव सुरू झाले. कापसाच्या भावालाही तीच खळखळ.

"हा टाळकरी अजून घरी गेला नाई काय गा?"

"हौशी हाये तो," वडील म्हणाले. मागे आईने मांडीवरचं ताम्हन पदराखाली ओढलं.