दोन्ही कसं खरं असेल?

सहावीच्या वर्गात शिकवताना मी एका मुलीची वही फाडली. ती हसली म्हणून. मला नव्हे, शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर हसली होती, हे नंतर कळलं. मग मी प्रयोगशाळेत शिरले, आतून कडी लावली आणि भिंतीवर डोकं आपटत राहिले. दार उघडलं तेव्हा समोर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, हे पहिल्यांदा नाही ना?"

पहिल्यांदा नव्हतंच. घरी नवऱ्याने ते बऱ्याचदा पाहिलं होतं. आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, नोकऱ्यांपायी सिल्वासाला आलो. तो सरकारी कचेरीत. माझा पारा चढला की तो गप्प बसायचा, आणि त्याच्या गप्प बसण्याने माझं डोकं आणखीच फिरायचं.

शेवटी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चिठ्ठीवर तीन इंग्रजी अक्षरं लिहून दिली. डीबीटी. मला ते गोळीचं नाव वाटलं, मेडिकलवाल्याला विचारलंसुद्धा. नवरा चिठ्ठी उलटसुलट बघत म्हणाला, "डीबीटी म्हणजे ते अनुदान थेट खात्यात जमा होतं, तेच ना?"

गोळी नव्हती, अनुदानही नव्हतं; भावना आवरायला शिकवणारा उपचार होता, बोलण्याचा आणि सरावाचा. सिल्वासातल्याच आमलीत एका दुकानावरच्या दोन खोल्यांत वापीहून एक मॅडम यायच्या. माझ्यापेक्षा लहान, गुजराती, मराठी अडखळत बोलणाऱ्या. तिथे जाताना स्कूटरवर मी सगळी तयारी केली होती: वडिलांचा मार, आईचं रडणं, कुठून सुरुवात करायची. त्यांनी वडिलांचं नावही काढलं नाही. पहिलाच प्रश्न, "एक वर्ष याल?"

दर बुधवारी त्यांच्याशी बोलायचं आणि शनिवारी चौघांच्या वर्गात बसायचं. शिवाय एक कार्ड. राग किती, लाज किती, स्वतःला इजा करावीशी किती वाटली, ते शून्य ते पाच आकड्यांत रोज भरायचं. जन्मभर मुलांना गृहपाठ दिला, आता मलाच कुणी देत होतं.

"तुम्ही अशा झालात त्यात तुमचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "आणि बदलायचं तुम्हालाच आहे."

"दोष नाही तर मी का बदलू?"

"दोन्ही खरं आहे."

घरी येऊन नवऱ्याला विचारलं, दोन्ही कसं खरं असेल? तो म्हणाला, "मॅडमनाच विचार."

शनिवारच्या वर्गात तर दुःख सांगायलाही मनाई. "इथे फक्त शिकायचं," असं त्यांनी बजावलं होतं. पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर पंख्याचा आवाज ऐकायचा. मन भरकटलं की परत आणायचं. माझ्या शेजारी राखोलीच्या सूत कारखान्यातले एक शिफ्ट इनचार्ज बसायचे, धुळ्याकडचे. पंखा ऐकता ऐकता ते माझ्याकडे झुकले. "ताई, माले तं काहीच समजत नही. तुमले?"

"मलापण नाही," मी म्हटलं. त्या खोलीत मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा.

दिवाळीनंतर एका दुपारी त्या सहावीतल्या मुलीची आई शाळेत आली. व्हरांड्यात सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी मुलगी तुमच्या तासाला घाबरते. सकाळी पोटात दुखतं म्हणते." माझे कान तापले. "एक मिनिट," म्हणून मी आत गेले. भिंत दिसत होती. नियम होता की काही करून बसण्याआधी फोन करायचा. मी केला.

"काय करून पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही मला धीर देणार की परीक्षा घेणार?"

"धीर देते. आधी थंड पाणी. शिकवलंय ना?"

मी रागाने फोन ठेवला. पण कूलरचं गार पाणी घमेल्यात काढलं, श्वास रोखून त्यात तोंड बुडवलं. दोनदा, तीनदा. शिपाईबाई धावत आल्या, "बाई, चक्कर आली का?" राग उतरला खरा, पण त्याच्या खालून इतकं रडू आलं की वाटलं, रागच बरा होता.

ओल्या तोंडानेच बाहेर गेले. ती आई अजून उभी होती. मी म्हटलं, "तुमच्या मुलीची वही मी फाडली. तिची काही चूक नव्हती. मी उपचार घेतेय. तिची माफी मागायची आहे."

ती "बरं," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात मुलगी दुसऱ्या तुकडीत गेली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

बुधवारी मी मॅडमना म्हटलं, "म्हणजे जमलं नाही."

"डोकं आपटलं नाहीत."

"पण मुलगी गेली."

"हो, गेली." त्यांनी ते मान्य केलं आणि मला पुन्हा कळेना, हे यश की अपयश. त्या दिवशीचं कार्ड मी कोरंच ठेवलं होतं. त्यांनी मला समोर बसवून ते भरून घेतलं. लाज: पाच.

सहा महिन्यांनी शनिवारच्या वर्गात पुन्हा पंखा ऐकायला लावला. मला वाटलं, आम्ही चौघंही नापास. पण सगळं दोनदा शिकवतात म्हणे. आता भांडण झालं की नवरा गप्प बसत नाही, "दहा मिनिटांनी बोलतो," असं सांगून गच्चीवर जातो. हे त्याला मी शिकवलं, पण पहिल्यांदा त्याने ते केलं तेव्हा मीच त्याच्या मागे गच्चीपर्यंत भांडत गेले होते.

परवा वर्गात एक नवीन मुलगी आली, कॉलेजातली. बाकावर अंग चोरून बसली होती. मॅडम यायच्या होत्या. तिने मला विचारलं, "इथे नक्की काय करतात?"

मी सांगायला तोंड उघडलं. शिफ्ट इनचार्ज माझ्याकडे उत्सुकतेने बघत होते, जणू त्यांनाही ऐकायचं होतं. मला पंखा आठवला, पाणी आठवलं, ती आई आठवली, पण वाक्य काही जुळेना.

"बस तू," मी म्हटलं आणि कार्ड भरायला लागेल म्हणून तिला माझं पेन दिलं.