मागच्या दारी कुसुमला भरवणारी

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही ठेवायची इच्छा नाही. या सदरात लोक लिहितात ना, पांढरी साडी, पिंपळाखाली कोणीतरी उभं, पाय उलटे... ते वाचून माझं डोकं फिरतं. म्हणून आधीच सांगते, माझ्या हकिगतीत यातलं काहीएक नाही. भीतीसुद्धा फारशी नाही. मला राग आला होता, भयंकर राग, आणि कुसुम स्वतः आजी झाली तरी माझा तो राग उतरलेला नाही.

गोष्ट पन्नासच्या दशकातली, अंबरनाथची. आमचे हे फॅक्टरीत फिटर होते. कल्याणला दिराजावांच्या गर्दीत काही वर्षं काढून आम्ही स्टेशन आणि शिवमंदिराच्या मधल्या भागात नव्या घरात राहायला आलो. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे अंगण. कुंपणबिंपण नाही, मागचं दार उघडलं की थेट भातशेतं. भिंतींच्या चुन्याचा वाससुद्धा गेला नव्हता. वसंत शाळेत जायला लागला होता, आणि धाकटी कुसुम नुकती दोन-दोन शब्द जोडून बोलायची. पावसाळ्यात तिला गोवर आला आणि पोर नुसती काडी झाली. जेवणाच्या नावाने बोंब! एकेक घास भरवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. मी पाळण्यात असतानाच ती गेली. वडिलांनी लगेच दुसरं लग्न केलं. सावत्र आईला मी काकी म्हणायचे. सासूबाईंना आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मामी. म्हणजे ‘आई’ अशी हाक मी जन्मात कोणाला मारलीच नव्हती. नव्या घरातला पहिला पितृपक्ष आला, त्यासाठी मामी गावाहून आल्या होत्या. सासऱ्यांचं पान व्यवस्थित झालं. मग मी म्हटलं, अविधवा नवमीला माझ्या आईचंही पान ठेवते. सवाष्ण गेलेल्या बायकांसाठीच तर ती तिथी असते.

मामी खेकसल्या, “सुनेच्या आईचं पान सासरी? असं कुठे असतं होय? ज्याचं त्याच्या घरी.”

“तिच्या घरी कोणी ठेवत नाही हो, मामी.”

“मग ते त्यांचं पाप. आपल्या घरात नको.”

हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपरची घडी उलटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रांधायचं मी, वाढायचं मी, उष्टी काढायची मी... आणि माझ्या आईला वर्षातून एक पान नाही?

नवमीला मामी शिवमंदिरात गेल्या, तशी मी केळीच्या पानावर भात, वरण, अळूची भाजी, खीर वाढली. पान मागच्या दारी ठेवलं आणि मोठ्याने म्हटलं, “आई, ये गं जेवायला.” पाणी आणायला आत गेले, परत येऊन बघते तर पान चाटूनपुसून स्वच्छ. कुत्र्याने खाल्लं असेल म्हटलं आणि पान उचललं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कुसुम दुपारी माझ्या हातचा घास घेईना. नेहमीची रडारड नाही, मजेत मान हलवायची.

“जेवले.”

“कधी गं? कोणी भरवलं?”

“आईने.”

“मी कुठे भरवलं तुला?”

“तू नाही. ती आई.” आणि मागच्या दाराकडे बोट.

तिच्या हनुवटीला शितं चिकटलेली होती. तांबूस भाताची. आमच्याकडे रेशनचा पांढरा तांदूळ शिजायचा, तोही किडका. मला वाटलं, जागामालकांची बायको भरवत असेल. ते तिथले जुने शेतकरी, पलीकडेच राहायचे. तणतणत गेले तिच्याकडे. ती बिचारी भात कापायला निघाली होती, तिला वेळ कुठला!

“मी कशाला गो भरवीन तुझे पोरीला? मना येल हाय?”

“मग इथे पूर्वी कोणी बाई राहायची का? मेली-बिली होती का कोणी?”

“मेला-बिला कोन नाय. शेतच व्हता हितं.”

घ्या! म्हणजे तिथूनही काही कळलं नाही.

दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, आणि कुसुमचे गाल भरले. मामी खूश. “बघ, पोरीने कसं बाळसं धरलंय! तुझ्याच्याने इतके दिवस झालं नाही ते.” पण पोर माझ्यापासून तुटत चालली होती. पडली, लागलं, की माझ्याकडे न येता मागच्या दाराकडे धावायची. मला आई म्हणायचंच सोडलं तिने. “ही” म्हणायची. “ही नको, ती आई.” स्वतःच्या लेकराच्या तोंडून ऐकून बघा एकदा, मग मला शहाणपण शिकवा.

एका भर दुपारी मी मुद्दाम दारामागे उभी राहिले. कुसुम पायरीवर बसली होती. तिने आ केला. तोंड रिकामं, मी डोळ्यांनी पाहिलं. तोंड मिटलं, आणि दोन्ही गाल टम्म फुगले. चावतेय, गिळतेय, पुन्हा आ. हनुवटीवर एक शीत आलं, ते आपोआप वर सरकलं आणि ओठांत गेलं. आपण बोटाने पुसून तोंडात घालतो ना, अगदी तसं.

मी किंचाळले. “कोण गं तू मेले? लाज नाही वाटत दुसरीचं पोर ओढून घ्यायला? चालती हो माझ्या दारातून!” कुसुमला उचललं तर ती माझ्या हाताला कडकडून चावली. मामी धावत आल्या. मग सगळं सांगावंच लागलं, नवमीच्या पानासकट.

“कोणाचं नाव घेऊन वाढलंस?”

“नाव कशाला? आई ये, एवढंच म्हटलं.”

मामींनी कपाळावर हात मारला. “अगं बये! पान ठेवताना नाव घ्यायचं असतं, गोत्र सांगायचं असतं. नुसती आई म्हणून हाक मारलीस, तर कोणाचीही आई येईल की!”

आता मला सांगा, आईला कोणी नावाने हाक मारतं का?

मी मागच्या दाराला कडी घातली. कुसुमने खाणंच सोडलं. पेज नाही, दूध नाही. डॉक्टर म्हणाले जंत असतील. औषध दिलं, तेही तिने उलटून टाकलं. भरलेले गाल आठवडाभरात बसले. दिवाळी तोंडावर आलेली, आणि मामींनी तिची झबली ट्रंकेत भरायला घेतली. “सणानंतर हिला मी गावी नेते. या घरात ठेवायची नाही, आणि तुझ्यापाशी तर नाहीच.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघून म्हणाले, “आई म्हणते ते बरोबर आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कडी काढली. ताटात वरणभात कालवला, कुसुमला मांडीवर घेतलं आणि पायरीवर बसले. पोर मान टाकून पडली होती. मी म्हटलं, “ये. जी कोणी असशील ती ये. भरव हिला. पण माझ्या ताटातलं, माझ्या मांडीवर, माझ्या डोळ्यांदेखत. पोर माझी आहे, नीट ऐकून ठेव.”

बराच वेळ काही झालं नाही. मग ताटातल्या भाताला कडेने खळगा पडला आणि कुसुमने आ केला. जेवली हो... गुपचूप, पोटभर जेवली आणि माझा पदर मुठीत धरून झोपली. मी रडत होते, रागाने की कशाने कोण जाणे. तेवढ्यात माझ्या ओठांना काहीतरी टेकलं. मऊ, कोमट. वरणभाताचा घास.

मी दात घट्ट आवळले. इतक्या वर्षांत आठवण झाली नाही, आणि आता येतेस? तो घास क्षणभर तसाच थांबला, आणि मग माझ्या पदरावर पडला.

त्या संध्याकाळपासून कुसुम माझ्या हातून जेवायला लागली. “आई” म्हणून हाक मारायला लागली. मामी दिवाळीनंतर एकट्याच गावी गेल्या. मागच्या दारी पुन्हा कधीही, काहीही झालं नाही. पुढच्या नवमीला मी नाव घेऊन, गोत्र सांगून पान ठेवलं, त्याला कावळा शिवला.

ती कोण होती, मला माहीत नाही. माझी आई, की दुसऱ्या कोणाची? माझ्या आईचा हात कसा होता तेच मला ठाऊक नाही, तर ओळखणार कशावरून? तुमच्यापैकी कोणाला उलगडा होत असेल तर खुशाल कळवा, पण मला धीर द्यायला जाऊ नका. ती आली याचा राग मी कधीच सोडला. माझा राग वेगळा आहे. अहो, पोराने तोंड मिटलं म्हणून आई ताट घेऊन उठते का? चिऊचा घास, काऊचा घास करत बसतेच ना? कुसुमपुढे मी तासन् तास बसले होते. आणि मी एकदा, फक्त एकदा नको म्हटलं, तर ती उठून गेली.