बुरांसच्या झाडाले ताण

परवा आमच्या अंगणात जे झालं, ते लिहून राहिली. चुकलं तं समजून घ्या... मी जास्त शिकली नाही.

आमचे हे तिकडं उत्तराखंडात बोगद्याच्या कामावर असतात. मागच्या खेपेला गोणपाटात गुंडाळून बुरांसचं रोपटं घेऊन आले. मोबाईलमंधी फोटो दाखवला... लाल लाल फुलाचे गुच्छे, सारा पहाड पेटल्यावानी.

आता आमच्या गावचं, रामाकोन्याचं ऊन अन पहाडातलं झाड. मी न्हाणीजवळ सावलीत लावलं, बुडाशी पालापाचोळा घातला, रोज पानावर पाणी शिंपडलं. जगलं, पण फूल काही येईना.

आमच्या मामाजीचा, म्हणजे माझ्या सासऱ्याचा, सारा जन्म संत्र्याच्या बगीच्यात गेला. संत्र्याले बहार यावा म्हणून पाणी तोडतात, त्याले ताण देणं म्हणतात. मामाजी म्हणाले, यालेही ताण देऊ, कसं फुलत नाही पाहतो. मी पाणी देणं बंद केलं...

पानं वाळून गळाले. परवा मी कपडे वाळू घालून राहिली होती. मागं पाहते तं आमची परी, आत्ता आत्ता रांगाले लागली, तोंडात पान चावत बसलेली...

बोटं घालून काढलं अन परीच्या बाबाले फोन लावला. ते म्हणाले, "तिकडं हे पान खाऊन बकऱ्या मरतात. दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता."

मामाजीच्या गाडीवर सौसरच्या दवाखान्यात गेलो. परी छातीशी, चावलेलं पान मुठीत. डॉक्टरनं पान पाह्यलं, घडीघडी नाडी तपासली, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मामाजी साऱ्या वेळ व्हरांड्यात उभे, चहासुद्धा नाही घेतला. दिवस बुडता बुडता परी डॉक्टरच्या गळ्यातली नळी ओढून हासाले लागली. पोटात काही गेलं नाही, घरी न्या म्हणाले... तवा कुठं मी रडली.

सकाळी उठली तं न्हाणीजवळ नुसता गड्डा. वाटलं, फेकलं झाड. थोड्या वेळानं मामाजी बगीच्यातून आले. झाड मातीच्या गोळ्यासगट नेऊन आंब्याच्या सावलीत लावलं, पोटभर पाणी दिलं. कोणाच्या जनावरानं तोंड लावू नये म्हणून भवताल बाभळीच्या काट्या रोवल्या. इथले गळलेले पानंही वेचून गाडून टाकले.

खाली पाहूनच म्हणाले, "पोरी, फूल नाही आलं तरी चालते. मले तं काल देवानं सारं देलं."

त्यायच्या बोटात काटे मोडले होते. मी सुई आणली. लग्न झाल्यापासून कधी त्यायच्यासमोर नीट मान वर केली नव्हती... काल पहिल्यांदा त्यायचा हात हातात घेऊन बसली अन एकेक काटा काढला. परी त्यायच्या मांडीवर झोपली होती.

परीसाठी माझ्याएवढंच भेणारं आणखी कोणी घरात हाये... आता थोडं कमी भेव वाटते.