बडाखान्याचा बर्फ

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधली मुलं नोकरीला गल्फला निघाली की माझ्याकडे येतात. मी सांगतो, पाणी उकळून प्या, कच्चं खाऊ नका, काविळीची लस आता मिळते, ती निघण्याआधीच घ्या. बर्फाचा विषय निघाला की मात्र माझा आवाज चढतो. का, ते आज लिहितोय.

१९९३ साली आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेला होती. मी हवालदार. लंगर, म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, माझ्याकडे होतं. लान्स नाईक पास्कल माझ्या हाताखाली. तो उत्तनचा, मी भाईंदर पश्चिमेचा, म्हणून दोघंच असलो की मला दादा म्हणायचा. डॉक्टर कॅप्टनसाहेबांची ऑर्डर स्पष्ट होती. पाणी ब्लीचिंग घातलेलंच. बाजारातलं काही पोटात जाता कामा नये.

बटालियनच्या स्थापना दिवशी बडाखाना होता. साहेब आणि जवान त्या दिवशी एकत्र जेवतात. बाटल्या गार करायला बाजारातून बर्फाच्या लाद्या आणायची परवानगी मिळाली, पण बाटल्यांना बाहेरून लावण्यापुरतीच. दुपारी सरबताचं पिंप तापलं. साहेबांपुढे कोमट सरबत ठेवणं मला कमीपणाचं वाटलं. मी लादी फोडली आणि तुकडे पिंपात टाकले. तंबूत फक्त पास्कल होता.

"दादा, आमच्याकडं बर्फ मासळीला घालतात. तुमी तर बटालियनलाच घालताय!"

"गप्प बस. ढवळ."

चव बघायला सरबताचा पहिला मग त्यानंच घेतला. वर आणखी एक.

महिन्याभराने चार जवानांचे डोळे पिवळे झाले. त्यात पास्कल. एमआय रूममध्ये, म्हणजे बटालियनच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी त्याला विचारलं, "बाहेरचं काय खाल्लंस?" मी पेज घेऊन तिथेच उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बाजारात फळं खाल्ली, सर. चूक झाली."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "लंगरमधून काही?"

"नो सर."

ते गेल्यावर पास्कल म्हणाला, "तुमचं प्रमोशन हाय दादा. माझं काय, आठ दिसांत उभा ऱ्हातोय."

बाकीचे तिघं उभे राहिले. या काविळीतून बहुतेक जण उठतातच. पास्कल मात्र बरळायला लागला. मग मला ओळखेना. शेजारी रेडिओ चालू होता.

"पेशंट अनकॉन्शस. हेलिकॉप्टर कधी? ओव्हर."

"निघालंय. ओव्हर."

ते उतरायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर गेलं. क्वचित एखाद्याचं असं होतं." मी सावधानमध्ये उभा होतो. तेव्हा बोललो असतो तरी तो परत आला नसता, हे खरं. पण त्याच्या नावापुढे बेशिस्त लागली नसती.

सुट्टीत युनिफॉर्म घालून उत्तनला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, रोझीने, चहा दिला.

"ऑर्डर व्हती ना भाऊ? मंग बाजारात कशाला गेला तो?"

मी चहा संपवला आणि उठलो.

हे छापून येऊन दुसऱ्या कुणी तिला वाचून दाखवण्याआधी, रोझीला माझ्या तोंडून एवढं सांगणं मी देणं लागतो: पास्कल बाजारात गेलाच नव्हता. बर्फ मी घातला होता.